हा सिकलसेल नव्हे, ताई

वर एका ताईंनी विचारलंय, दिराला सीएमएल (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) निघाला तर पुतणीच्या रक्तातही तो असेल का. पाहुण्यांनी सोयरिकीची बोलणी थांबवलीत. वाचून जीव तुटला.

ताई, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल फार. तो आईबापाकडूनच येतो, म्हणून रक्ताचा आजार म्हटला की खानदानी, असं लोक धरूनच चालतात. सीएमएलमध्ये ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलतात आणि एक जोडजनुक तयार होतं, तेही जन्मानंतर, अस्थिमज्जेतल्या एका पेशीत. शुक्राणू-बीजांडात तो बदल नसतो, मग लेकीत कुठून येणार?

वारशाचा धागा आहे तो दुसरीकडे. ६व्या गुणसूत्रावरची, आईबापाकडून येणारी एचएलए जनुकं ठरवतात की पेशीतल्या प्रथिनांचे कोणते तुकडे टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, दिसतील. सीएमएलच्या त्या जोडजनुकाच्या पुसट खुणा निरोगी माणसांच्या रक्तातही सापडल्यात, तरी बहुतेकांना आजार होत नाही! एचएलएचा बी८ हा प्रकार, किंवा ए३ आणि बी८ दोन्ही प्रकार असलेल्यांत सीएमएल कमी दिसल्याचं युरोपातल्या अभ्यासात आढळलं होतं. हा नुसता कल आहे, त्यासाठी पुतणीची तपासणी करत बसू नका.

रिपोर्ट मात्र नीट बघा, कारण सीएलएल (रक्ताच्या कर्करोगाचाच दुसरा प्रकार) असेल तर गोष्ट वेगळी. त्यात सख्ख्या नात्यात धोका खरंच वाढतो आणि एचएलए भागाचाही त्यात वाटा आहे. तरीही बहुतेक नातेवाइकांना तो होत नाही.

माझ्या मोठ्या भावाला सीएमएलच आहे. त्यावरची इमॅटिनिबची गोळी रोज घेतो, यंदा कापूसही त्यानेच पेरला. दोन्ही पुतण्या सासरी सुखात आहेत.