'फॅरनहाइट ४५१' : पुस्तकबंदी नेमकी आणली कोणी?

प्रश्न

रे ब्रॅडबरी यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या खेपेस मी ती सरकारी दडपशाहीची कथा समजलो होतो. जिथे बंबवाले आग विझवायला नव्हे, तर रॉकेल ओतून पुस्तकांची घरे पेटवायला धावतात, तिथे दोष सत्तेचाच असणार, असे मी गृहीत धरले होते. या वेळी मात्र बंबवाल्यांचा कप्तान बीटी त्याच्या हाताखालच्या आजारी बंबवाल्याच्या, म्हणजे नायक माँटागच्या, अंथरुणाशी बसून जो इतिहास सांगतो, तिथे अडखळलो. त्याच्या सांगण्यानुसार वरून हुकूम आलाच नाही; लोकांनाच सगळे आखूड, सोपे आणि कोणालाही न दुखावणारे हवे झाले आणि जाळपोळ त्यानंतर आली. हे लेखकाचे मत मानावे का? आणि कादंबरीच्या शेवटी भेटणारी, पुस्तके पाठ करून रानात राहणारी माणसे ही आशा समजावी की हार?

उत्तर : जुनी पाने

बीटी तिथे डगमगू लागलेल्या शिपायाची समजूत घालायला आला आहे, हे आधी लक्षात घ्यावे. तो बोलत असताना माँटागच्या उशीखाली चोरलेले पुस्तक आहे, आणि उशी नीट करायला आलेल्या त्याच्या बायकोच्या, मिल्ड्रेडच्या, हाताला ते लागते. त्या क्षणी बीटीचा प्रत्येक शब्द धमकीसारखा ऐकू येतो. शिवाय हा माणूस अडाणी नाही. पुस्तकांसकट स्वतःला जाळून घेणारी म्हातारी जे वाक्य उच्चारते, ते १५५५ साली ऑक्सफर्डमध्ये जिवंत जाळलेल्या लॅटिमर या इंग्रज धर्मगुरूचे आहे, हे गाडीत बसल्या बसल्या तोच सांगतो. तरीही त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही, कारण त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला उभे असलेले प्राध्यापक फेबरसुद्धा पुढे तेच सांगतात, की लोकांनी आपणहून वाचन सोडले होते. दोन विरोधकांच्या तोंडी एकच साक्ष येते, तेव्हा ती लेखकाने जाणून घातलेली असते.

उत्तर : निळी शाई

या पुस्तकाचे पुढे जे झाले, तेही या प्रश्नाला धरूनच आहे. १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न विचारता सुमारे ७५ ठिकाणी मजकूर बदलला. दारू प्यालेला माणूस नुसता आजारी झाला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणे आले. १९७३ पासून तर बाजारात हीच आवृत्ती मिळत होती. अखेर हा प्रकार ब्रॅडबरींच्या कानी गेला आणि १९७९ नंतर मूळ संहिता परत आली. यात कोणत्याही सरकारचा हुकूम नव्हता, कोणी काडीही ओढली नव्हती, आणि म्हणूनच मला हे अधिक अस्वस्थ करते.

उत्तर : उंबरठा

वरील दोन्ही मुद्दे पटले, तरी सत्तेला इतक्या सहजी सोडू नये, असे मला कळकळीने वाटते. रशियन कवयित्री ॲना अख्मातोवा यांनी 'रेक्विएम'मधल्या कविता स्टालिनच्या काळात रचल्या, तेव्हा रशियातले वाचक काही कंटाळलेले नव्हते. भिंतींना कान असतील या भीतीने त्या मोठ्याने चहापाण्याचे काहीतरी बोलत, तेवढ्यात चिठोऱ्यावर ओळी लिहून मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया यांच्या हाती देत, आणि त्यांनी त्या पाठ केल्या, की कागद राखदाणीवर जाळून टाकत. ती कविता १९६३ मध्ये म्युनिकला छापली गेली आणि सोव्हिएत देशात १९८७ पर्यंत छापील स्वरूपात येऊ शकली नाही. कादंबरीतल्या रानातल्या माणसांचा म्होरक्या ग्रेंजरही हेच कबूल करतो, की पकडले जाण्याच्या भीतीने आम्हीही पुस्तके वाचून जाळली. म्हणून रानातल्या माणसांकडे मी आशा म्हणून पाहते, पण ती फार महाग पडलेली आशा आहे. पाठांतरात एखादा शब्द निसटला, तर पडताळून पाहायला प्रत उरलेली नाही.

प्रश्नकर्ता

ग्रेंजरची ती कबुली मी दोन्ही वेळा वाचली आणि दोन्ही वेळा तिच्यावरून पुढे गेलो. आता मला मिल्ड्रेडची मैत्रीण मिसेस फेल्प्स हिचा प्रसंग आठवतो आहे. नवरा युद्धावर गेला तरी काळजी नाही, असे बेफिकिरीने सांगणारी ती बाई माँटागने कविता वाचून दाखवताच हुंदके देऊन रडते, आणि आपण का रडतो आहोत हे तिला सांगता येत नाही. वाचन सुटलेल्या माणसाच्या आतही एवढे शिल्लक असेल, तर बीटीचा इतिहास खरा असूनही अपुरा आहे, असे मला वाटते.