मदत हवी आहे: जैसलमेरच्या वाळूत एटीव्ही, मागचा माणूस मागेच राहू नये म्हणून तुम्ही काय करता?

पाणंदवाला (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती.

आम्ही पाच जण शाळेपासूनचे दोस्त आणि सहावे माझे दाजी. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. आमच्याकडं दोन जुन्या एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या जाड टायरच्या चारचाकी मोटारसायकली, आहेत. एरवी कागलकडच्या आमच्या माळावर आणि पावसाळ्यात उसाच्या पाणंदीतनं फिरवतो. चिखलाचा सराव दांडगा आहे. वाळूचा काहीच नव्हता, हे गेल्या डिसेंबरात कळलं.

दोन्ही गाड्यांना रस्त्यावरची नोंदणी नाही, म्हणून पिकअपवर चढवून नेल्या. पुणे, सुरत, अहमदाबाद, बाडमेर करत चौदा-पंधराशे किलोमीटर. आणखी दोन तिथंच भाड्यानं घेतल्या. मुक्काम जैसलमेरजवळच्या खुडी गावाच्या अलीकडं. पहिल्या दिवशी दुपारी चारनंतर आम्ही चौघं निघालो, दोघं कॅम्पवर थांबले. दाजी सगळ्यात मागं होते, भाड्याच्या गाडीवर. ते सावकाश चालवतात म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं, "तुम्ही निवांत मागनं या."

अर्ध्या-पाऊण तासानं एका मोठ्या धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, थांबलो, हेल्मेटं काढली, मागं बघतो तर तिघंच. फोनला रेंज नाही. आलो त्या वाटेनं परत निघालो, पण वाळूत आमच्या एकट्याच्या खुणा थोड्याच होत्या? जीपांच्या, उंटांच्या, आदल्या दिवशीच्या दुसऱ्याच गाड्यांच्या, सगळ्या एकमेकांत मिसळलेल्या. सहाच्या आत सूर्य गेला आणि थंडी अशी उतरली की पंधरा मिनिटांत बोटं आखडली. सात वाजता गाडी सापडली. इंजिनाचा जोर चाकांकडं नेणाऱ्या रबरी बेल्टच्या कव्हरवर हात ठेवला तर अजून कोमट होतं, शेजारी वाळूत काळ्या रबराचे दोरे पडलेले. दाजी नव्हते.

सव्वाआठला सापडले. लांबवर दिवा दिसला, तोच कॅम्प समजून ते चालत सुटले होते. ती एक ढाणी, म्हणजे वाळवंटातली छोटी वस्ती, निघाली. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी त्यांना रजईत गुंडाळून चुलीजवळ बसवलं होतं. मी पोचलो तेव्हा दाजींच्या हातात पितळी पेला होता आणि तो इतका थरथरत होता की बाबांनी खालून आपला हात लावला होता. मला बघून दाजी काहीतरी असंबद्ध बोलले. गोड मिट्ट चहाचा दुसरा पेला पोटात गेल्यावर कुठं माणसात आले. मी त्यांच्यावर ओरडलो. गाडी सोडून का निघालात म्हणून, त्या बाबांच्या देखत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदा गाळपाचा हंगाम सुरू आहे, एकाची तोड आली की लगेच निघायचं असं ठरलंय. दाजींना यायचंय. ताई म्हणाली, "तू जबाबदारी घेत असशील तर ने." आता विचारतो ते हे: रेंज नसलेल्या ठिकाणी चार गाड्या एकत्र ठेवायची तुमची पद्धत काय? बेल्ट का जळला? आणि मनापासून सांगा, दाजींना परत न्यावं का?

एक मित्र म्हणतोय, अमेरिकेतल्या भावाकडनं सॅटेलाइटवरनं मेसेज पाठवायचं यंत्र मागवू. ते घ्यावं का?

पाना_पक्कड (इचलकरंजी)

बेल्टचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

गाडी हाय रेंजमध्ये, म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये, होती का? जवळजवळ नक्की असणार. सावकाश चालवणारा माणूस, मऊ वाळू, गाडी हायमध्ये आणि चढावर जोरात थ्रॉटल. यात बेल्ट पुलीवर घसरतो आणि तापतो. चाक फिरण्याआधी बेल्टच भाजून निघतो. वाळूत, चढावर, सावकाश चालताना लो, म्हणजे ताकदीचा गिअर, टाकायची. हाय फक्त सपाटीला, वेग घेतल्यावर. जळक्या रबराचा वास आला की तिथंच थांबायचं, न्यूट्रलला टाकून इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे क्लचमधनं वारा खेळून बेल्ट निवतो. लगेच बंद करू नका.

रुतल्यावर थ्रॉटल देणं हा आपल्याकडचा चिखलातला स्वभाव. चिखलात खाली कुठंतरी मुरूम लागतो. वाळूत काहीच लागत नाही, गाडी पोटावर बसते. एकदा चाक फिरलं की उतरायचं, चाकांपुढची वाळू हातानं ओढायची आणि आपल्याच खुणांवरनं मागं घ्यायची.

जादा बेल्ट प्रत्येक मॉडेलचा वेगळा ठेवा, आणि तो घरी एकदा तरी स्वतः बदलून बघा. तुटलेल्या बेल्टचे दोरे क्लचमधनं आणि वारा बाहेर जायच्या नळीतनं सगळे काढल्याशिवाय नवा चढवू नका, नाहीतर तोही जाईल. भाड्याच्या गाडीचा जादा बेल्ट मालकाकडं मागा. नाही म्हणाला तर ती गाडी घेऊ नका.

टायरमध्ये हवा किती ठेवली होती?

पाणंदवाला

हायमध्येच होती. लो-हायचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तिथल्या पोरानं चावी देताना फक्त ब्रेक दाखवला.

हवा पाच पीएसआय ठेवली होती. दुपारी भरली होती.

पाना_पक्कड

मोजली कशानं? पंक्चरवाल्याकडचं मीटर दहाच्या खाली धड दाखवतच नाही. एटीव्हीला कमी दाबाचं वेगळं मीटर लागतं, ते आधी घ्या.

आणि तुम्ही मशीन शॉपवाले आहात, हा हिशेब तुम्हाला पटेल. दुपारी २८ अंशांत पाच भरली आणि पहाटे ८ अंश झाले, तर तीच हवा पावणेचारच्या आसपास येते. टायरमधून काही गेलेलं नसतं, नुसती थंडीनं आकसते. वाळूला चार बरी, पण साडेतीनच्या खाली वळणावर टायर रिमवरनं सुटायची भीती. म्हणून सकाळी गाडी काढण्याआधी मोजायची, आणि दुपारी पुन्हा.

फौजी_आजरा

नोकरीत जैसलमेरकडं बरीच वर्षं काढलीत. आधी सॅटेलाइटच्या यंत्राचं: अजिबात मागवू नका. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेजचं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. तो सीमेचा जिल्हा आहे, तिथं सापडलात तर विचारपूस लांबते. ड्रोनही घरी ठेवा.

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकीटॉकी परवान्याशिवाय चालतात. ते घ्या, पण खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर विसंबू नका. मध्ये एक धोरा आला की आवाज तुटतो. बोलायचं तर माथ्यावर चढून.

मोबाइलला रेंज नसली तरी त्यातलं जीपीएस चालतं. नकाशा आधी कोल्हापुरातच उतरवून घ्या, कॅम्पची खूण करा आणि निघताना प्रत्येकानं आपण जातो त्या वाटेची नोंद (ट्रॅक रेकॉर्डिंग) चालू करा. वाळूतल्या खुणा बघत परत फिरायची वेळच यायला नको.

आता तुमचा मूळ प्रश्न. उपाय यंत्रात नाही, रांगेत आहे. पुढच्यानं मागच्याला सांभाळायचं, एवढा एकच नियम. मागचा दिसेनासा झाला की तुम्ही थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसत नाही, मग तोही थांबतो. दोन मिनिटांत सगळी रांग आपोआप उभी राहते, कुणाला हाक मारावी लागत नाही. दोन मिनिटं वाट बघून मागचा आला नाही तर परत फिरायचं. तुम्ही अर्धा-पाऊण तास बघितलंच नाही, तिथं चुकलं.

सगळ्यात मागं नेहमी सगळ्यात पक्का गडी ठेवायचा. अवजारं, बेल्ट, दोरखंड त्याच्याकडं. सावकाश चालवणारा दुसऱ्या नंबरावर, म्हणजे पुढच्याचा वेगही त्याच्यामुळं आटोक्यात राहतो. दाजींना शेवटी ठेवणं ही दाजींची चूक नव्हती, हे तुम्हालाही आता कळलं असेल.

प्रत्येक गाडीला मागं उंच काठीवर भगवा किंवा लाल झेंडा बांधा. धोऱ्याआड गाडी दिसत नाही, झेंडा दिसतो. आणि माथा आला की आधी वेग कमी. तिकडं उन्हाळाभर नैर्ऋत्येचा वारा असतो, म्हणून त्या बाजूनं धोरा लांबट चढतो आणि पलीकडं एकदम तुटल्यासारखा उतरतो. चढताना पलीकडचं काही दिसत नाही. एकानं उतरून बघायचं, हात केला की दुसऱ्यानं यायचं.

गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. गाडी लांबनं दिसते, माणूस दिसत नाही. वाळवंटात रात्री दिवा जवळ वाटतो, चालायला लागलं की कळतं. शिट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी, एक घोंगडं आणि दोन लिटर पाणी प्रत्येक गाडीवर स्वतंत्र. सगळं सामान एकाच गाडीवर ठेवलं की नेमकी तीच गाडी पुढं गेलेली असते.

एक कळकळीची विनंती. सम आणि खुडी, दोन्हीकडं डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द लागते. पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, सगळीकडं कुंपण नाही. माळढोक आता अगदी थोडे उरलेत आणि जमिनीवरच अंडं घालतात. गाड्या कुठं चालवायला परवानगी आहे ते वनखात्याकडं आणि गावात विचारून घ्या. पोखरणच्या फायरिंग रेंजकडं तर मौज म्हणूनसुद्धा वळू नका. आणि पाचला गाड्या कॅम्पवर. सूर्यास्त बघायचाच असेल तर चालत जाऊन बघा.

मिरजेची_डॉक्टर

गाड्यांचं मला कळत नाही, पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. असंबद्ध बोलणं, थरथर, आणि गोड चहानंतर माणूस ताळ्यावर येणं. दाजींचं वय काय? शुगर आहे का? गोळ्या कुठल्या? त्या दिवशी जेवण किती वाजता झालं होतं?

पाणंदवाला

वय ५२. शुगर आहे, सहा-सात वर्षं झाली. गोळीचं नाव ताईला विचारून सांगतो. त्या दिवशी सकाळी पोहे आणि गोळी, मग साडेअकराला अर्धी भाकरी. दुपारी जेवण असं झालंच नाही, गाड्या उतरवण्यात वेळ गेला. आम्ही सगळेच उपाशी होतो.

ही थंडी नव्हती असं तुम्हाला वाटतं का?

मिरजेची_डॉक्टर

थंडी होतीच. अंगात कापरं भरणं आणि गोंधळणं थंडीनंही होतं, त्यामुळं इथनं बघून मी काही ठाम सांगणार नाही. पण शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की जेवण लांबलं आणि कष्ट झाले तर साखर एकदम उतरते. मग हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस गोंधळतो आणि नको त्या दिशेला चालायला लागतो. त्या वेळी त्याला "गाडी सोडू नका" हे आठवेलच असं नाही. दाजींना एकच विचारा: त्या थंडीत घाम आला होता का?

जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा, गोळी आणि डोस प्रवासासाठी बदलायचा का ते तेच ठरवतील. दाजींच्या खिशात आणि त्यांच्यामागच्या माणसाच्या खिशात गुळाचे खडे ठेवा. काही वेगळं वाटलं की आधी गूळ, मग चौकशी. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८. साखर मोजायचं यंत्र न्या, पण ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. बहुतेक यंत्रं दहा अंशांच्या खाली नीट चालत नाहीत.

आणखी एक, सगळ्यांसाठी. रात्री तंबू बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातनं निघणाऱ्या विषारी वायूला वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. शेगडी बाहेर, आत जादा रजया.

पाणंदवाला

काल रात्री ताईकडं गेलो होतो. जेवण झाल्यावर दाजींना विचारलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, गाडी बंद पडल्यावर त्यांनी जॅकेट काढलं होतं, कारण बनियन घामानं भिजली होती. दिवा दिसला एवढं आठवतंय, चालत कधी सुटले ते आठवत नाही. मी ओरडलो तेव्हा त्यांना वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून वर्षभर कुणालाच बोलले नाहीत. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी त्यांची माफी मागितली. दाजी म्हणाले, "जाऊ दे रे, त्या बाबांनी साखर मात्र भरपूर घातली होती."

सोमवारी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जातोय. डॉक्टर हो म्हणाले तर दाजी दुसऱ्या नंबरावर, मी त्यांच्या मागं आणि मशीन शॉपमधला माझा पार्टनर सगळ्यात शेवटी, अवजारं घेऊन. डॉक्टर नको म्हणाले तर दाजी कॅम्पवर थांबतील आणि मीही त्यांच्याबरोबर थांबेन. हे ताई आणि दाजी दोघांनाही सांगितलंय.

रविवारी माळावर चार गाड्यांची रांग करून फौजीसाहेबांच्या नियमाचा सराव करणार आहोत, दोन गाड्या मित्रांकडनं मागून. बेल्टही तिथंच खोलून चढवून बघतो.

शेवटची एक विचारणा फौजीसाहेबांना. त्या ढाणीतल्या बाबांना भेटायला जायचंय. इथनं गुळाची एक ढेप आणि सोलापुरी चादर न्यावी असं ताईचं म्हणणं आहे. तिकडं असं काही घेऊन गेलं तर त्यांना वावगं वाटणार नाही ना? पैसे त्यांनी तेव्हाही घेतले नव्हते.

फौजी_आजरा

गूळ आणि चादर जरूर न्या. पैशाचं नाव काढू नका. पोचल्या पोचल्या हातात देऊन निघू नका. आधी बसा, चहा घ्या, मग द्या. आणि दाजींना पुढं करा, देणं त्यांच्या हातून होऊ दे.