मिश्र घरातली रोझरी : प्रॉटेस्टंट जोडीदाराने कुठवर साथ द्यावी?

प्रश्न
नवरा-बायकोपैकी एक कॅथलिक, दुसरं सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट). ऑक्टोबरात घरी रोज रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ. मरियेबद्दलचा वाद नेमका कोणत्या ओळीवर अडतो? सगळं म्हणावं तर मन खातं, गप्प बसावं तर घरचे दुखावतात.

उत्तर १ (कॅथलिक)
पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या) माळेत 53 वेळा 'नमो मारिया' ही मरियेची प्रार्थना येते, 6 वेळा प्रभूची प्रार्थना. 'नमो मारिया'चा पूर्वार्ध सरळ लूक 1:28 आणि 1:42 मधला, म्हणजे देवदूताचं आणि अलीशिबेचं बोलणं. तिथे कुणी अडू नये. उत्तरार्धातली 'देवाची माता' ही पदवी इफिसच्या परिषदेने 431 मध्ये मान्य केली, तीही ख्रिस्ताच्या देवत्वासाठी. प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरनेही ती सोडली नाही. खरी अडचण पुढच्या विनंतीची : 'आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर.'
एक सोय आहे. पुढारी पूर्वार्ध म्हणतो आणि बाकीचे उत्तरार्ध. तेव्हा पुढारीपण प्रॉटेस्टंट जोडीदाराकडे द्या. माळ जपताना वारानुसार ख्रिस्त-मरियेच्या जीवनातल्या पाच घटनांचं मनन करतात, त्यांना रहस्ये म्हणतात. बुधवार-रविवारची गौरवाची रहस्ये मात्र टाळा, कारण त्यातली शेवटची दोन (मरियेचं स्वर्गारोहण आणि राज्याभिषेक) बायबलात सांगितलेली नाहीत. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये सर्वांत सोपी. ती 2002 मध्ये आली आणि पाचही ख्रिस्ताच्या कार्याची आहेत.

उत्तर २ (सीएनआय)
पुढारीपणाची सोय मला पटत नाही. पूर्वार्ध म्हणणाराच उत्तरार्धाला वाट करून देतो. मरियेला मान द्यायला आमची ना नाही. 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीतही (ल्यूथरपंथीयांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यातही) संतांचं स्मरण करा, त्यांचा विश्वास गिरवा, असंच आहे. नकार आहे तो त्यांचा धावा करण्याला, कारण 1 तीमथ्य 2:5 प्रमाणे मध्यस्थ एकच. त्यात 1854 आणि 1950 चे सिद्धांत रोमने विश्वासाला बंधनकारक केले. निष्कलंक गर्भधारणा (मरिया मूळ पापाविना गर्भात आली) आणि स्वर्गारोहण (ती सदेह स्वर्गात गेली) ऐच्छिक असती तर बोलणी कितीतरी सोपी झाली असती.

उत्तर ३ (कॅथलिक)
मध्यस्थीबद्दल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या 'लुमेन जेन्शियम' या दस्तऐवजातला परिच्छेद 62 वाचा : मरियेची कोणतीही पदवी एकमेव मध्यस्थ ख्रिस्ताच्या मोठेपणात भर घालत नाही की उणं करत नाही. 'सह-उद्धारकर्ती' ही पदवी अनुचित असल्याचं रोमने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि ते फार बरं झालं. तरी वांद्र्याच्या मोत माउलीला (मरियेला) मेणाचे हात-पाय वाहणाऱ्या भाविकाला हा फरक कुणीतरी समजावला पाहिजे. तिथे आमच्या धर्मशिक्षणाची कमतरता आहे, हा आक्षेप रास्त.

उत्तर ४ (सीएनआय)
मग घरी असं करा. प्रत्येक रहस्याआधी त्याचा शास्त्रपाठ प्रॉटेस्टंट जोडीदाराने वाचावा. प्रभूची प्रार्थना एकत्र. 'नमो मारिया' कॅथलिकांनी म्हणावं, दुसऱ्याने तेवढा वेळ मनात तोच पाठ घोळवावा. शेवटी 'नमो राणी' या मरियेच्या समारोपाच्या प्रार्थनेआधी लूक 1:46-55, मरियेचं स्तोत्र, सगळ्यांनी मोठ्याने म्हणावं. ते तुमच्या सायंप्रार्थनेत आहे आणि अँग्लिकन सायंप्रार्थनेतही.