चर्चा: मंडळाचा कॅन्सर निधी जीन टेस्टला द्यायचा की पित्ताच्या पिशवीच्या साध्या बायोप्सीला?

लष्करकर

नमस्कार मंडळी. मीटिंगमध्ये आरोग्य निधीचा विषय घाईत उरकला म्हणून इथे लिहितोय. प्रस्ताव असा आहे की कॅन्सरच्या गरजू पेशंटला ट्यूमरची जीन टेस्ट, ते एकाच वेळी कितीतरी जीन वाचणारं मोठं एनजीएस पॅनेल, करायला निधीतून मदत द्यायची. माझा विरोध आहे. तेच पैसे ज्यांची पित्ताची पिशवी काढली जाते आणि ज्यांना बायोप्सीचा खर्च जड जातो त्यांच्यासाठी ठेवा असं माझं म्हणणं.

मी नोकरीभर हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, टिश्यू मेणात बसवून ब्लॉक बनवणं आणि मायक्रोस्कोपच्या स्लाइडसाठी त्याच्या पातळ चकत्या कापणं हेच काम, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाहीये. आपला ग्वाल्हेरचा भाग पित्ताशयाच्या, म्हणजे या पिशवीच्याच, कॅन्सरचा आहे. उत्तर भारतात, विशेषतः गंगा-यमुनेच्या पट्ट्यात, दक्षिणेच्या मानाने कितीतरी पट जास्त आढळतो आणि बायकांमध्ये अधिक. पोट दुखलं, सोनोग्राफीत पथरी निघाली, दुर्बिणीने ऑपरेशन झालं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. नातेवाइकांच्या हातात काय देतात? एका डबीत खडे. धुतलेले, पिवळे, काळे, कधी तुतीसारखे खडबडीत, आणि लोक ती डबी घरी आल्यागेल्याला दाखवतात. पिशवी कुठे गेली हे कुणी विचारत नाही. आणि कॅन्सर असलाच तर तो खड्यात नसतो, पिशवीच्या भिंतीत असतो.

पथरी म्हणून काढलेल्या पिशव्यांमध्ये काहींत असा अचानक कॅन्सर निघतो. तो किती खोल गेलाय त्यावर पुढचं सगळं ठरतं. अस्तराच्या लगतच्या थरात असेल, ज्याला टी१ए म्हणतात, तर पिशवी काढली तेवढ्यात काम झालं. स्नायूच्या थरात शिरला असेल तर पुन्हा ऑपरेशन, यकृताचा लगतचा भाग आणि लिम्फ नोड काढायचे. हा फरक मिलिमीटरमध्ये असतो आणि तो मायक्रोस्कोपखालीच दिसतो. आधी हे सगळ्यांना मिळू दे, मग पॅनेलचं बोलू.

थाटीपूरची (सध्या बंगळुरू)

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे पण मुद्दा पटला नाही. मी जीनोमिक्सच्या लॅबमध्ये काम करते आणि "आधी साधी तपासणी, मग जीन" ही रांगच आता जुनी झालीये. आज कितीतरी ट्यूमरचं नावच जीन बघितल्याशिवाय ठेवता येत नाही. मेंदूचं घ्या. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणाप्रमाणे मोठ्या माणसाच्या ॲस्ट्रोसायटोमात, म्हणजे मेंदूच्या एका प्रकारच्या ट्यूमरमध्ये, आयडीएच जीनचं म्युटेशन (बिघाड) नसेल आणि टर्ट जीनच्या प्रमोटरचं म्युटेशन, ईजीएफआर जीनचं ॲम्प्लिफिकेशन (जादा प्रती) किंवा ७ वं क्रोमोसोम वाढून १० वं गेलेलं, यातलं एक जरी सापडलं तरी तो ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे फार आक्रमक ट्यूमर, स्लाइडवर कितीही सौम्य दिसत असला तरी. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये याच्या अगदी उलट होतं, पोल जीनमध्ये ठरावीक बिघाड असेल तर गाठ स्लाइडवर भयानक दिसते आणि पेशंट मात्र बऱ्याचदा छान बरी होते, म्हणूनच २०२३ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने ते थेट स्टेजमध्येच घेतलं. निव्वळ डोळ्यांनी बघणाऱ्याला हे दोन्ही पेशंट उलटेच वाटले असते.

आणि तुमच्या पित्ताशयाचंच बोलू. २०२० मध्ये भारत, कोरिया आणि चिली इथल्या १६७ पित्ताशयाच्या ट्यूमर्सचा जीनोमचा अभ्यास आला, त्यात ईएलएफ३ नावाचा जीन वारंवार बिघडलेला सापडला जो आधी या कॅन्सरशी कुणी जोडलाच नव्हता, आणि त्या बिघाडातून अशी प्रथिनं तयार होतात की शरीराच्या टी-पेशी त्यांना ओळखू शकतात, म्हणजे पुढेमागे लसीची शक्यता. आपल्याच भागाचा आजार, आणि आपण म्हणायचं की जीन नंतर बघू? हर-२, म्हणजे काही ट्यूमरमध्ये प्रमाणाबाहेर वाढणारं एक प्रथिन, त्याचं तर औषधच आहे. पित्तमार्गाच्या (त्यात पित्ताशयही आलं) हर-२ वाल्या ३९ पेशंटना ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब दिल्यावर ९ जणांची गाठ बऱ्यापैकी आकसली. हे सगळे असे होते की आधीचे उपचार संपले होते.

लष्करकर

बेटा, मेंदूचं आणि गर्भाशयाचं तू म्हणतेस ते शंभर टक्के मान्य, तिथे जीनशिवाय पान हलत नाही. पण ग्वाल्हेरात निधी कुठे लावायचा हा प्रश्न आहे. आणि हर-२ साठी मोठं पॅनेल लागत नाही ना? त्याच ब्लॉकची एक पातळ चकती कापून इम्युनो केलं, म्हणजे अँटीबॉडी लावून ते प्रथिन रंगवलं, की रंग सगळ्यात गडद म्हणजे तीन प्लस आहे का ते कळतं, दोन प्लस अशी शंका आली तर मग जीनच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट. २०२४ मध्ये अमेरिकेत पित्तमार्गाच्या कॅन्सरसाठी झॅनिडाटामॅब या हर-२ वरच्या औषधाला जी मंजुरी मिळाली तीसुद्धा इम्युनोच्या तीन प्लसवरच. पॅनेलमध्ये ज्यांच्यावर गोळ्या निघाल्यात ते एफजीएफआर२ आणि आयडीएच१ या जीनचे बिघाड मुख्यतः यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये सापडतात, पित्ताशयाच्या फार क्वचित. मग गरीब माणसाने एवढे हजार कशासाठी घालायचे.

आता खरं दुखणं सांगतो. तुमच्या मशीनमध्ये जातं काय? पिशवी काढल्यावर न उघडता, पित्त आत तसंच ठेवून बरणीत टाकली की ते पित्तच आतलं अस्तर खाऊन टाकतं, पॅथॉलॉजिस्टसमोर येतो तो नुसता लगदा. पिशवी लगेच उभी चिरायची, पित्त धुवायचं, आणि तिच्या आकारमानाच्या दहापट, टिश्यू टिकवणाऱ्या १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवायची. प्रत्यक्षात मी काय बघितलंय, कधी सलाइनमध्ये, कधी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली, कधी इतक्या कमी फॉर्मेलिनमध्ये की अर्धी वर कोरडी, आणि भिंड-मुरैनाहून बसने येईपर्यंत ऊन. त्यातून डीएनएचे तुकडे होतात, फॉर्मेलिनमुळे खोटी म्युटेशन्स दिसतात हे तुला मी काय सांगणार. आधी तो टिश्यू तर जगवा.

मुरारचा सर्जन (निवृत्त)

दोघांचंही वाचलं. मला दोन्ही टोकं वाटतात. प्रत्येक पिशवी पॅथॉलॉजीला पाठवायची म्हटलं तर आधीच पॅथॉलॉजिस्ट कमी, त्यांच्याकडे ढीग लागेल आणि ज्याची खरी गाठ आहे त्याचा रिपोर्ट मागे पडेल. नेदरलँड्समध्ये सर्जन पिशवी उघडून बघतात, बोटाने चाचपतात, आणि भिंत जाड किंवा काही संशयास्पद वाटलं तरच पाठवतात, तिथे ही पद्धत चालते. मी स्वतः टेबलावरच प्रत्येक पिशवी उघडायचो. डोळस सर्जनला कळतं. निधी वापरायचाच तर संशयास्पद पिशव्यांसाठी वापरा, सरसकट नको.

लष्करकर

डॉक्टरसाहेब, आपण उघडून बघायचात हे फार मोठं, आणि आपल्यासारखे सगळे असते तर मी हा धागा काढलाच नसता. पण नेदरलँड्समध्ये हा कॅन्सर मुळात दुर्मीळ, तिथला हिशेब इथे लावता येत नाही. दुसरं म्हणजे सुरुवातीचा पित्ताशयाचा कॅन्सर बरेचदा सपाट असतो, गाठ अशी नसतेच, आणि जुन्या पथरीच्या पिशवीची भिंत सुजेने आधीच जाड असते, त्यात बोटाला काय लागणार?

आणि उलटही होतं. झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस म्हणून एक सूज असते, आपल्याकडे बऱ्यापैकी दिसते, सीटीवर आणि टेबलावर हुबेहूब कॅन्सरसारखी, आजूबाजूला चिकटलेली, दगडासारखी. घरच्यांनी आशा सोडलेली असते आणि स्लाइडवर निघतात नुसत्या फेसाळ पेशी आणि सूज. तेही स्लाइडच सांगते.

छावणीतली वहिनी

मी इथे फारसं लिहीत नाही पण डॉक्टरसाहेबांचं वाचून राहवलं नाही. माझ्या आईची पथरी एका नर्सिंग होममध्ये काढली, नाव घेत नाही. डबीतले खडे आम्हालाही मिळाले. डिस्चार्जच्या पर्चीवर बायोप्सीचा रकानाच नव्हता आणि आम्हाला कुठे माहीत असं काही असतं म्हणून. काही महिन्यांनी तिला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, खाज इतकी की रात्रभर आम्ही बहिणी आळीपाळीने पाठ चोळायचो. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं वाक्य विचारलं, आधीचा रिपोर्ट कुठे आहे, ब्लॉक कुठे आहे? आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. ब्लॉक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग सुईने यकृतातून तुकडा घ्यावा लागला, त्यात पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा सुई. तिच्या अंगात त्राण नव्हतं.

साहेब, "डोळस सर्जनला कळतं" म्हणता, पण पेशंटला कसं कळणार आपला सर्जन डोळस आहे की नाही? म्हणून सगळ्यांचीच पाठवा. ढीग लागला तर लागू दे, पॅथॉलॉजिस्ट वाढवायला सांगा.

हिशेबनीस

वहिनी, वाचून फार वाईट वाटलं. निधीचा हिशेब माझ्याकडे असतो म्हणून पैशाचं बोलतो. एका पॅनेलच्या पैशात कितीतरी पिशव्यांची बायोप्सी होते हे उघड आहे. पण त्याहून मला खुपतं ते वेगळं. जीन टेस्ट झाली की औषध मिळेल ही आशा आपण निधीच्या नावाने विकतोय का? फ्रान्समध्ये शिवा नावाची ट्रायल झाली होती, २०१५ मध्ये छापून आली, १९५ पेशंट, अर्ध्यांना ट्यूमरच्या जीनवरून औषध, अर्ध्यांना डॉक्टरच्या पसंतीने. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ एकीकडे २.३ महिने, दुसरीकडे २. म्हणजे फरक नाहीच. मग पॅनेल करून औषध परवडलं नाही तर त्या कुटुंबाचं काय, कागदावर औषधाचं नाव आणि खिशात पैसे नाहीत, याहून मोठी यातना काय असेल.

थाटीपूरची (सध्या बंगळुरू)

वहिनी, तुमच्या आईचं वाचून खूप वेळ काही टाइप करता येईना.

हिशेबनीस काका, शिवाचं उदाहरण लोक नेहमी देतात पण त्यात औषधं कुठली होती ते बघा, एव्हरोलिमस, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, सोराफेनिब अशी, आणि तीही ज्या कॅन्सरसाठी मंजूर नाहीत तिथे वापरलेली. त्यावेळी हाती असलेल्या औषधांशी जोडी जमवण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर २०१७ मध्ये एमएसआय-हाय, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त न होता साचत गेलेल्या, कुठल्याही अवयवाच्या ट्यूमरला पेंब्रोलिझुमॅब, २०१८ मध्ये एनटीआरके जीन दुसऱ्या जीनला जोडला गेलेल्यांना लॅरोट्रेक्टिनिब, अशा मंजुऱ्या अमेरिकेत आल्या, अवयव न बघता जीनवर. २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून गुदाशयाच्या कॅन्सरचा जो रिपोर्ट आला, ट्यूमरमधली एमएमआर म्हणजे डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेले पेशंट, नुसतं डॉस्टार्लिमॅब हे औषध दिलं, आणि उपचार पूर्ण झालेल्या सगळ्यांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. हे कमी आहे का? आणि मंडळाने मदत केली नाही तर ही टेस्ट करणार फक्त ज्यांची ऐपत आहे ते, आणि मग पुढच्या अभ्यासात आपल्या ग्वाल्हेरच्या बाईचा ट्यूमर नसणारच. गरिबाला मायक्रोस्कोप आणि श्रीमंताला जीन, ही वाटणी मला मान्य नाही.

मुरारचा सर्जन (निवृत्त)

एमएमआरची तपासणी चार अँटीबॉडी लावून इम्युनोनेच होते, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. म्हणजे हर-२ आणि ही चार धरून, कॅन्सर निघालेल्या मोजक्या ब्लॉक्सवर इम्युनोला निधी देता येईल, त्याला माझी हरकत नाही. सरसकट सगळ्या पिशव्या पाठवण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. वहिनींच्या आईच्या बाबतीत जे झालं तो निष्काळजीपणा आहे, पिशवी उघडलीच गेली नसणार. उपाय सर्जनला शिस्त लावण्याचा हवा.

छावणीतली वहिनी

शिस्त लागेपर्यंत कुणाच्या आईने थांबायचं, साहेब?

नवीन_सदस्य_दौलतगंज

माझ्या काकूचं पुढच्या आठवड्यात पथरीचं ऑपरेशन आहे, बाड्याजवळच्या एका दवाखान्यात. एवढं सगळं वाचून घाबरलोय. नेमकं काय सांगायचं डॉक्टरांना? अपमान वाटणार नाही असं सांगा.

लष्करकर

अजिबात घाबरू नका, बहुतेक पिशव्यांत नुसती सूजच निघते. ऑपरेशनच्या आधी, भूल द्यायच्या दिवशी नाही, त्याआधीच सरळ म्हणा की "पिशवी बायोप्सीला पाठवायची आहे, फॉर्मेलिनची बरणी आम्ही आणू का?" कुणी रागावत नाही. रुंद तोंडाची बरणी हवी, पिशवी चिरून धुऊन घातलेली, वर काकूंचं नाव, तारीख. पिशवी पोटातून बाहेर काढताना एन्डोबॅग या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढा असं सुचवलं तर उत्तम, पित्त सांडत नाही. सर्जनला यकृताच्या बाजूला टाका घालून खूण करायला सांगा, कारण कॅन्सर निघालाच तर तो यकृताकडच्या बाजूचा की पोटाकडच्या, यावर स्टेज टी२बी की टी२ए ते ठरतं, आणि पिशवी बरणीत गेल्यावर ती बाजू ओळखणं अवघड होतं. लॅबमध्ये मान, मधला भाग आणि तळ, तिन्हीकडचे तुकडे घ्यायला सांगा. रिपोर्ट स्वतः जाऊन आणा, फोनवर "नॉर्मल आहे" ऐकून सोडू नका. ब्लॉकची पावती जपून ठेवा.

थाटीपूरची (सध्या बंगळुरू)

आणि ब्लॉकवर कॅन्सर निघाला तर मला मेसेज करा, हर-२ आणि एमएमआर कुठे होतं, पॅनेलची गरज आहे की नाही, सगळं विचारून सांगते. लष्करकर काका, बरणी आणि फॉर्मेलिन तुमचं, त्याला माझा पाठिंबा. पण पुढच्या मीटिंगला मी ऑनलाइन येणार आहे आणि मेंदूच्या आणि गर्भाशयाच्या पेशंटसाठी निधीतला वेगळा हिस्सा मागणार आहे.

लष्करकर

ये, माग. मेंदूला माझा विरोध नव्हताच. पित्ताशयाच्या पॅनेलला मी विरोधात हात वर करणार, ते आधीच सांगून ठेवतो. हिशेबनीस, एका बायोप्सीचा आणि पाच अँटीबॉडींच्या इम्युनोचा गावातल्या दोन-तीन लॅबमधून दर काढून आणाल का मीटिंगच्या आधी?