थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: बँक खात्यावर अडलंय, लवकर मदत हवी

कोथरूडचा_वाटसरू:
चियांग माईला कायमचं राहायला जायचं पक्कं आहे. भाड्याचं घर बघून ठेवलंय, मालकीण महिनाअखेरपर्यंतच थांबेल. अडलंय ८ लाख बाटवर (बाट म्हणजे थाई चलन). व्हिसासाठी ते थाई बँकेत हवेत, आणि तिथली बँक म्हणते, पर्यटक आहात, खातं उघडणार नाही. दुसऱ्या शाखेतही तेच. एजंट म्हणतो, "पैसे आम्ही दाखवतो, तुम्ही फी द्या." मला तसलं काही करायचं नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. पुण्यात काय वाईट आहे, हे कृपया नको.

निळा_डोंगर:
पासपोर्ट भारतीय की अमेरिकन? वय? जोडीने जाताय का? आणि रिटायरमेंट व्हिसाचा प्रकार कुठला, ओ की ओ-ए? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सांगलीकर:
पोखऱ्याला जा. भारतीयांना नेपाळला व्हिसाच लागत नाही. हवा छान, हिंदी चालते.

कोथरूडचा_वाटसरू:
नेपाळ विचारलेलं नाही. पासपोर्ट भारतीयच, अजून पुण्यातच राहतो. वय ५० च्या वर आहे म्हणून तर रिटायरमेंट व्हिसा. खात्याचं सांगा.

चियांगमाई_वासी:
मग ओ-ए घ्या, गाठ तिथेच सुटते. तो भारतातूनच काढायचा असतो आणि ८ लाख बाटएवढी शिल्लक भारतातल्या बँकेत दाखवली तरी चालते. सोबत पोलीस क्लिअरन्स आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट, त्यात कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग नाही असं लिहून घ्यायचं. मी असाच आलो. एजंटला हात जोडा, ते पैसे तुमचे नसतातच.

निळा_डोंगर:
अर्धंच सांगितलंत. ओ-एला ३० लाख बाटचा आरोग्य विमा लागतो. म्हणून वय नेमकं विचारतोय.

कोथरूडचा_वाटसरू:
६७. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. बायको ४८ ची. तिलाही वेगळे ८ लाख लागतात का?

निळा_डोंगर:
काका, हे आधी सांगायला हवं होतं. या वयात शुगरसकट विमा मिळालाच तर हप्ता बघून ठरवा. नाहीतर साधा ओ. त्याला विम्याची अट नाही. आधी ९० दिवसांचा ओ हातात घ्या, मग त्यावर खातं उघडा. वर्षाच्या मुदतवाढीआधी दोन महिने ८ लाख खात्यात पडून हवेत, नंतरही तीन महिने तसेच, आणि पुढे ४ लाखांखाली कधीच नाही. काकूंना वेगळे लागत नाहीत, लग्नाच्या दाखल्यावर त्या तुमच्यावर अवलंबून म्हणून राहू शकतात.

चियांगमाई_वासी:
विमा टाळा हा सल्ला मला पटत नाही. इथली खाजगी हॉस्पिटलं उत्तम आहेत, पण बिलही तसंच येतं. शेजारच्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, आधी पैसे भरा म्हणाले. मुलाने रातोरात परदेशातून पाठवले.

निळा_डोंगर:
टाळा कुठे म्हटलं? व्हिसाची अट वेगळी, गरज वेगळी. विमा नसेल तर दवाखान्याची रक्कम त्या ८ लाखांव्यतिरिक्त बाजूला हवी.

हिशोबी:
पैसे पाठवताना टीसीएस बघा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत लागत नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात. रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. थोडे ३१ मार्चच्या आत, उरलेले १ एप्रिलनंतर पाठवा. शिवाय वर्षात १८० दिवस तिथे राहिलात की तिकडचे करनिवासी, म्हणजे तिथल्या करनियमांत तुम्ही रहिवासी. २०२४ पासून परदेशातलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर तेही कराच्या कक्षेत येतं. पेन्शनसाठी दुहेरी कराचा करार सीएकडून समजून घ्या.

रानफूल:
फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि जंगल जळतं, धुरात समोरचा दोई सुथेप डोंगरही दिसत नाही. काकूंना दमा आहे का?

कोथरूडचा_वाटसरू:
दमा नाही. ९० दिवसांचा ओ मुंबईच्या वकिलातीतून मिळतो का, हे कुणी सांगेल?

निळा_डोंगर:
अर्ज आता ऑनलाइन असतो. कागद जमवायला घ्या, आणि मालकिणीकडून महिनाभराची मुदत मागून बघा.

सांगलीकर:
शाकाहारी असाल तर दुकानावर पिवळं निशाण बघा, त्यावर लाल थाई अक्षरात 'जे' (म्हणजे शाकाहारी) लिहिलेलं असतं. तिथे फिश सॉस नसतो. कांदा-लसूणही नसतो.