ईडीआय : एकच ८५० (खरेदी ऑर्डरीची फाइल) दोनदा येते, डुप्लिकेट नेमकी कुठे अडवायची?

नमस्कार मंडळी,

एका ऑर्डरीचा माल दोनदा निघाला, हे आता तिसऱ्यांदा झालं. गोदामातल्या माणसांनी रात्री उशिरापर्यंत थांबून दोन्ही खेपा पॅक केल्या होत्या. त्यांना "एक परत उतरवा" सांगताना फार वाईट वाटलं, म्हणून इथे विचारतोय.

आमच्याकडे ऑर्डरी ईडीआयने, म्हणजे एका कंपनीच्या संगणकातून थेट दुसरीच्या संगणकात ठरलेल्या साच्यातल्या फाइलींनी येतात. फॉरमॅट एक्स१२, फाइली एएस२ (इंटरनेटवरून फाइल पाठवायची पद्धत) वरून येतात, एमडीएन (फाइल मिळाल्याची पोच) सिंक्रोनस, म्हणजे त्याच कनेक्शनवर परत जाणारा. ऑर्डर आली की मॅपिंग (आमच्या साच्यात रूपांतर) होऊन थेट ईआरपीत (कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये) पडते आणि ९९७ (फाइल तपासून स्वीकारली की नाकारली ते सांगणारी उत्तर-फाइल) जाते.

या वेळच्या दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून पाहिल्या. आयएसएची, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची, १०६ अक्षरांची ओळ अक्षरन् अक्षर सारखी, आयएसए१३ मधला कंट्रोल नंबर (पाठवणाऱ्याने फाइलीला दिलेला क्रमांक) दोन्हीकडे ०००००४४१७. बीईजी०३ मधला, म्हणजे ऑर्डरीच्या बीईजी ओळीतल्या तिसऱ्या रकान्यातला, ऑर्डर नंबरही तोच. यायच्या वेळेत फक्त सहा मिनिटांचा फरक. आणि आमच्या ९९७ मध्ये दोन्हींना 'ए', म्हणजे स्वीकृत! पार्टनर (ऑर्डर पाठवणारी कंपनी) म्हणतो, तुम्हीच दोन्ही घेतल्यात. त्याचं तरी काय चुकलं?

कंट्रोल नंबरवर पूर्वी अडवत होतो. पण दुसऱ्या एका पार्टनरने सॉफ्टवेअर बदललं, त्याचे नंबर पुन्हा १ पासून सुरू झाले आणि दोन दिवसांच्या खऱ्या ऑर्डरी डुप्लिकेट म्हणून टाकल्या गेल्या. त्यांचा फोन आला तेव्हा कळलं. धास्ती घेऊन ती तपासणी सगळ्यांसाठीच बंद केली. ऑर्डर नंबरवर अडवावं, तर तिसरा पार्टनर बदल कळवायला ८६० पाठवतच नाही. त्याच नंबरची नवी ८५० पाठवतो, बीईजी०१ मध्ये ०० (मूळ ऑर्डर) ऐवजी ०५ (जुनीच्या जागी नवी) घालून. ती अडवली तर जुन्याच संख्येने माल जाईल.

मग तपासणी ठेवायची कुठे? आणि मुळात फाइल दोनदा येतेच का?

प्रतिसाद

आधी दोन्ही फाइलींच्या एएस२ हेडरमधला मेसेज-आयडी बघा. तोच असेल तर तुमचा एमडीएन त्यांना वेळेत मिळाला नाही आणि त्यांच्या सर्व्हरने पुन्हा प्रयत्न केला. आरएफसी ४१३० मध्ये (एएस२ च्या मानकात) हेच सांगितलंय : उत्तर वाचता आलं नाही तर तोच मेसेज-आयडी ठेवून पुन्हा पाठवा. अशा वेळी पहिलाच एमडीएन परत द्यायचा, फाइल पुढे सोडायची नाही.

माझा संशय असा की तुम्ही मॅपिंग संपल्यावर एमडीएन देताय. तो फक्त पोच आहे, ऑर्डर मान्य असल्याची कबुली नाही. फाइल जपून ठेवली, सही तपासली की लगेच द्या. मॅपिंग नंतर.

कंट्रोल नंबरची तपासणी पुन्हा चालू करा, पण पाठवणाऱ्याचा आयडी आणि नंबर अशी जोडी धरून, आणि जुळलेली फाइल टाकून न देता बाजूला थांबवा. माणसाने बघून सोडावी. ऑर्डर नंबर जुळला तर बीईजी०१ पाहा : ०० असेल तर थांबवा, ०५ असेल तर जुनीच्या जागी घ्या. मात्र माल निघाला असेल तर तीही थांबवा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. मेसेज-आयडी तोच निघाला! लॉगमध्ये एमडीएन ९४ सेकंदांनी गेलेला दिसतोय, त्यांचं कनेक्शन ६० सेकंदांनी तुटतं. मोठ्या फाइलीच का दोनदा येत होत्या ते आता लक्षात आलं. एमडीएन आधी देण्याचा बदल आजच चाचणीला लावतोय.

एकच राहिलं : थांबवलेल्या फाइलीचं ९९७ लगेच पाठवायचं, की माणसाने सोडल्यावर? एका पार्टनरला ते २४ तासांत लागतं.