अण्वस्त्रांच्या धाकावर किती विसंबायचे?

मूळ मत

अणुयुद्ध कोणत्याच राष्ट्रप्रमुखाला नको आहे, म्हणून ते होणार नाही, हा युक्तिवाद मला घातक वाटतो. २६ सप्टेंबर १९८३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मॉस्कोच्या दक्षिणेकडील सेर्पुखोव-१५ या क्षेपणास्त्र हल्ल्याची पूर्वसूचना देणाऱ्या सोव्हिएत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव कामावर होते. उपग्रहांनी आधी एक आणि मग आणखी चार अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडल्यामुळे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील तणाव शिगेला पोहोचला होता. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही आणि जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नाही, एवढ्या आधारावर पेत्रोव यांनी इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला यंत्रणा फसली होती. युद्ध तेव्हाही कोणाला नको होते, तरीही सगळा भार एका माणसाच्या सारासार विचारावर येऊन पडला.

पहिला प्रतिसाद

आपण दिलेला दाखला खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. १९१४ ते १९४५ या काळात महासत्तांनी दोन महायुद्धे लढली. १९४५ नंतर मात्र त्यांच्यात थेट महायुद्ध झाले नाही, आणि याचे श्रेय सद्भावनेला देणे भाबडेपणाचे ठरेल. क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये उद्भवलेल्या पेचप्रसंगात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव दोघेही मागे सरले, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे हे दोघांनाही दिसत होते. युक्रेनचे उदाहरणही विसरू नये. १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी दिलेल्या सुरक्षेच्या आश्वासनांच्या बदल्यात त्या देशाने आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली आणि २०१४ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये रशियाने त्याच्यावर आक्रमण केले. ज्याच्याकडे अण्वस्त्र नाही त्याला कागदी हमी वाचवत नाही, हा धडा अनेक देशांनी घेतला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

मूळ लेखकाचे उत्तर

युक्रेनबाबतचा आपला मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. क्युबाचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूने बोलते. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकी विनाशिका बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्यास भाग पाडण्यासाठी तिच्याभोवती इशाऱ्याचे स्फोट करत होत्या आणि त्या पाणबुडीत अण्वस्त्रधारी टॉर्पेडो असल्याची त्यांना कल्पनाच नव्हती. आत असह्य उकाडा होता, मॉस्कोशी संपर्क तुटला होता, आणि वर युद्ध पेटले असावे, अशी कप्तानाची समजूत झाली होती. टॉर्पेडो सज्ज करण्याची भाषा सुरू झाल्यावर पाणबुडीवरील वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खिपोव यांनी त्याला शांत केले, असे पाणबुडीवरील लोकांच्या आठवणींतून पुढे आले. दोन्ही नेते सावध असूनही त्या क्षणाचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता.

दुसरा प्रतिसाद

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट निसटते आहे. धोका कमी झाला तो करारांमुळे. १९८० च्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती, आज ती साधारण १२,००० आहेत. अमेरिका आणि रशिया यांच्यातील ‘न्यू स्टार्ट’ करारात दीर्घ पल्ल्याच्या तैनात अण्वस्त्रांची मर्यादा प्रत्येकी १,५५० होतीच, शिवाय प्रत्येक पक्षाला वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्या करण्याचा अधिकार होता. रशियाने २०२३ मध्ये आपला सहभाग स्थगित केला आणि कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. समोरच्याच्या साठ्याचा अंदाज केवळ उपग्रहांवरून बांधावा लागला, तर प्रत्येक लष्कर वाईटात वाईट शक्यता गृहीत धरून तयारी करते.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

तपासणीचे मोल मलाही मान्य आहे. मात्र या करारात चीन कधीच नव्हता आणि त्याचा साठा वाढतो आहे. दोघांनी हात बांधून घ्यायचे आणि तिसऱ्याने मोकळे राहायचे, हे कोणत्याही सरकारला आपल्या संसदेपुढे मांडता येणार नाही.

मूळ लेखक

म्हणूनच मी साठ्याच्या आधी वेळेचा प्रश्न घेतो. आंतरखंडीय क्षेपणास्त्र सुमारे ३० मिनिटांत लक्ष्यावर पोहोचते, त्यामुळे इशारा खरा की खोटा हे ठरवायला राष्ट्राध्यक्षांच्या हाती मोजकीच मिनिटे उरतात. समुद्रातील पाणबुड्या पहिल्या हल्ल्यातूनही वाचतात, म्हणजे प्रत्युत्तराची क्षमता शाबूत राहते. मग केवळ इशाऱ्यावरून क्षेपणास्त्रे डागण्याची सज्जता सोडून द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी चीनच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. वॉशिंग्टन आणि मॉस्को हा निर्णय आपापल्या पातळीवर घेऊ शकतात.